सॅकागविया : वाट दाखविणारी एक तरुण माता

वाटाड्या हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक पुरुष उभा राहतो. डोक्याला मुंडासें, खांद्यावर घोंगडी व हातांत काठी घेतलेला, उन्हांत रापलेला आणि रानांतील प्रत्येक पायवाट ठाऊक असलेला असा तो गडी असतो. हाच शब्द एखाद्या स्त्रीला लावावयाचा म्हटला तर जीभ क्षणभर अडखळते. याचें कारण भाषेंत नाहीं, रूढींत आहे. डोंगर चढणें, नद्या ओलांडणें, अनोळखी लोकांपुढें जाऊन उभें राहणें आणि पाठीमागून येणाऱ्या मंडळीस सुखरूप पोंचविणें हें काम पुरुषाचेंच, असें जगांतील बहुतेक लोकांनीं फार दिवस मानिलें. स्त्रीनें घर सांभाळावें, मूल सांभाळावें व फार तर नवऱ्याच्या मागोमाग चालावें, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. अशा काळांत दोन महिन्यांचेंही न झालेलें मूल पाठीस बांधून हजारों मैलांचा प्रवास करणाऱ्या, आणि प्रसंगीं अनुभवी पुरुषांस वाट दाखविणाऱ्या एका तरुण स्त्रीचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहों. तिचें नांव सॅकागविया.

सॅकागवियाचा जन्म इसवी सन 1788 च्या सुमारास उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या कुशींत झाला. हल्लीं ज्यास आयडाहो संस्थान म्हणतात, तेथील लेम्ही नदीच्या खोऱ्यांत शोशोनी नांवाच्या मूळ रहिवाशांची एक टोळी रहात असे. हे लोक घोडे पाळण्यांत प्रवीण होते. परंतु शेजारच्या टोळ्यांजवळ बंदुका होत्या व शोशोनींजवळ त्या फारच थोड्या होत्या. त्यामुळें त्यांना नेहमीं भीतींत दिवस काढावे लागत. 1800 च्या सुमारास ही टोळी शिकारीसाठीं मिसूरी नदीच्या उगमाजवळील त्रिवेणीपाशीं उतरली असतां हिदात्सा टोळीच्या योद्ध्यांनीं तिजवर हल्ला केला. कित्येक माणसें मारलीं गेलीं व मुलेंबाळें कैद झालीं. त्यांत सुमारें बारा वर्षांची सॅकागवियाही होती. शत्रूंनीं तिला शेंकडों मैल पूर्वेस, हल्लींच्या उत्तर डकोटा संस्थानांतील आपल्या गांवीं नेलें. पुढें कांहीं वर्षांनीं तूसां शार्बोनो नांवाच्या एका फ्रेंच कॅनडियन व्यापाऱ्यानें तिला आपली बायको केली. तो वयानें तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठा होता, आणि त्याच्या घरीं शोशोनी जातीची आणखी एक पत्नी होती. या विवाहांत सॅकागवियाची इच्छा कोणी विचारिली नाहीं, हें सांगावयास नकोच.

याच सुमारास दूर पूर्वेकडे एक मोठी घडामोड झाली. 1803 सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील अफाट मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. त्याचा शोध घेऊन पॅसिफिक महासागरापर्यंत वाट काढावी, या हेतूनें अध्यक्ष जेफरसन यांनीं एक तुकडी पाठविली. तिचे नायक मेरिवेदर लुइस व विल्यम क्लार्क हे दोन सैनिकी अधिकारी होते. 1804 च्या मे महिन्यांत हे लोक सेंट लुइस शहराजवळून होड्यांत बसून निघाले आणि हिंवाळ्याच्या तोंडीं मंडन व हिदात्सा लोकांच्या गांवांजवळ येऊन पोंचले. तेथें त्यांनीं लांकडाचा एक कोट बांधिला व बर्फ वितळेपर्यंत मुक्काम केला.

पुढें रॉकी पर्वत ओलांडावयाचा तर नदी सोडून घोडे घ्यावे लागणार, आणि ते घोडे शोशोनी लोकांपाशींच मिळणार, हें नायकांच्या ध्यानांत आलें. शोशोनी भाषा बोलणारें माणूस त्यांना हवें होतें. म्हणून त्यांनीं शार्बोनोस दुभाष्या म्हणून नोकरीस ठेविलें. वाचकहो, येथेंच एक गोष्ट लक्षांत ठेवावी. शार्बोनोस स्वतः शोशोनी भाषा येत नव्हती; ती येत होती त्याच्या बायकोला. ज्ञान तिचें, परंतु करार त्याच्याशीं. श्रम दोघांचे, परंतु पगार त्याला. स्त्रीशीं स्वतंत्रपणें करार करावा, ही कल्पनाच त्या काळीं कोणास सुचली नाहीं.

1805 च्या फेब्रुवारीच्या 11 तारखेस त्या कोटांत सॅकागवियास पहिलें अपत्य झालें. प्रसूतीच्या वेळीं तिला फार वेदना झाल्या. त्या वेळीं एकाच्या सांगण्यावरून लुइसनें खुळखुळ्या सापाच्या शेपटीचे तुकडे पाण्यांत मिसळून तिला पाजले, आणि लवकरच मुलगा जन्मला. त्या औषधाचा गुण किती, हें लुइसला स्वतःलाच सांगवत नव्हतें. मुलाचें नांव झां बाप्तीस्त असें ठेविलें. क्लार्क त्यास लाडानें पॉम्प म्हणत असे. एप्रिलच्या 7 तारखेस तुकडी पुढें निघाली. एकंदर तेहतीस जीव, त्यांत बाई एक व तान्हें मूल एक. रानावनांत तान्ह्या मुलासह बाई म्हणजे ओझें, असें कोणासही वाटलें असतें. तें ओझें नव्हे, हें तिनें बोलून दाखविलें नाहीं, करून दाखविलें.

निघाल्यास दोन दिवस झाले नाहींत तोंच तिनें आपला उपयोग दाखविला. संध्याकाळीं होड्या कांठास लागल्या, तेव्हां ती एक टोंकदार काठी घेऊन निघाली, आणि उंदरांनीं जमिनींत सांठवून ठेविलेलीं खाण्याजोगीं मुळें उकरून घेऊन आली. रोज मांसच खाणाऱ्या त्या लोकांस ही मोठी मेजवानी वाटली. कोणतें कंद खावें, कोणतें फळ पिकलें, हें तिला लहानपणापासून ठाऊक होतें. हें बायकांचें ज्ञान म्हणून पुरुषांनीं त्यास कधीं विद्या म्हटलें नाहीं. पण पोट रिकामें झालें कीं त्या विद्येची किंमत कळे.

मे महिन्याच्या 14 तारखेस तिच्या धैर्याची कसोटी लागली. त्या दिवशीं दोघेही नायक कांठावर होते व मोठ्या होडीचें सुकाणूं शार्बोनोच्या हातीं होतें. एकाएकीं वाऱ्याचा जोराचा झोत आला, होडी कलंडली व तिच्यांत पाणी भरूं लागलें. शार्बोनोचा धीर सुटला. सुकाणूं सांभाळावयाचें सोडून तो ईश्वराचा धांवा करूं लागला. शेवटीं दुसऱ्या एका खलाशानें त्यास दरडावून ताळ्यावर आणिलें. त्या गोंधळांत मागच्या बाजूस बसलेली सॅकागविया मात्र मुलास सांभाळून, वाहून जाणाऱ्या वस्तु एकामागून एक शांतपणें पकडीत होती. होडींत कागदपत्रें, यंत्रें व औषधें होतीं. तीं गेलीं असतीं तर प्रवासाचें सारें फळच बुडालें असतें. संकटाच्या वेळीं ती होडींतील कोणाही पुरुषाइतकीच धीट होती, असा अभिप्राय लुइसनें आपल्या रोजनिशींत नमूद केला आहे. कांहीं दिवसांनीं नायकांनीं एका नदीस तिचें नांव दिलें. हिदात्सा भाषेंत त्या नांवाचा अर्थ पक्षी-स्त्री असा होतो.

जूनमध्यें मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ ती अतिशय आजारी पडली. ती दगावली तर तान्ह्या मुलाचें काय होईल, आणि शोशोनींशीं बोलेल कोण, अशा दुहेरी काळजींत नायक पडले. लुइसनें जवळच्या गंधकाच्या झऱ्याचें पाणी आणवून तिला पाजलें व ती हळूहळू बरी झाली. पुरती बरी होते न होते तोंच, महिनाअखेरीस एका घळींत आसऱ्यास बसली असतां वरून पाण्याचा लोंढा आला. मुलास उराशीं धरून, क्लार्कच्या मदतीनें ती कशीबशी वर चढली. मुलाचे कपडे व पाळणा वाहून गेला, पण मूल वांचलें. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणीं ऐकिली आहे. मातेचें हृदय सर्व देशांत एकच असतें, हें अशा प्रसंगीं पटतें.

जुलै महिन्यांत ओळखीचा मुलूख दिसूं लागला. नदीचा त्रिवेणीसंगम जवळ आला आहे, असें तिनें सांगितलें, व थकलेल्या लोकांच्या अंगांत नवा उत्साह आला. थोड्याच दिवसांनीं, पांच वर्षांपूर्वीं ज्या जागीं तिला शत्रूंनीं पकडलें होतें, त्याच जागीं तुकडीचा तळ पडला. तिनें ती हकीकत शांतपणें सांगितली. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसलें नाहीं, यावरून लुइसनें असा तर्क केला कीं, पोटभर अन्न व चार दागिने मिळाले म्हणजे ही कोठेंही संतुष्ट राहील. लुइस हा विद्वान व शूर पुरुष होता. तरी येथें त्याची चूक झाली, असें आम्हांस वाटतें. परक्या माणसांत राहून ज्या मुलीनें आपलें दुःख गिळावयास शिकलें, तिच्या मौनाचा अर्थ रोजनिशी लिहिणारास कसा कळावा? त्याचें उत्तर तीन आठवड्यांतच मिळालें.

ऑगस्टच्या 8 तारखेस बीव्हरच्या डोक्यासारखा दिसणारा एक मोठा खडक तिनें ओळखला व आपले लोक येथून दूर नाहींत, असें सांगितलें. मध्यंतरीं शार्बोनोनें एका संध्याकाळीं तिला मारिलें व त्याबद्दल क्लार्कनें त्याची खरडपट्टी काढिली. ज्या स्त्रीच्या शब्दावर तेहतीस जिवांचा भरंवसा होता, तिला घरधन्याच्या हातचा मारही सोसावा लागे!

17 तारखेस शोशोनींची गांठ पडली. आपले लोक दुरून दिसतांच ती आनंदानें नाचूं लागली. गर्दींतून एक तरुणी धांवत आली व तिनें सॅकागवियास मिठी मारली. ती तिच्याबरोबरच कैद झालेली व पुढें निसटून गेलेली मैत्रीण होती. नंतर नायक व शोशोनींचा पुढारी बोलावयास बसले व दुभाषी म्हणून तिला बोलाविलें. ती बोलूं लागली, तोंच तिनें पुढाऱ्याचा चेहरा ओळखिला. तो तिचा भाऊ कॅमियावेट होता! ती उठून धांवली, आपली कांबळ तिनें त्याच्या अंगावर टाकिली आणि हमसून हमसून रडूं लागली. पुन्हा दुभाष्याचें काम करावयास ती बसली खरी, पण मधून मधून तिला अश्रु आवरत ना. घरचीं बहुतेक माणसें मरण पावल्याची बातमीही तिला त्याच दिवशीं कळली.

त्या वेळचें बोलणें कसें चाले, हेंही पाहण्यासारखें आहे. कॅमियावेट शोशोनींत बोले. सॅकागविया तें हिदात्सा भाषेंत नवऱ्यास सांगे. नवरा तें फ्रेंचमध्यें एका सैनिकास सांगे. व तो सैनिक इंग्रजींत नायकांस सांगे. चार भाषांच्या या सांखळीचा पहिला दुवा ती होती. पुढें कांहीं दिवसांनीं तिला कळलें कीं, भुकेनें व्याकुळ झालेली टोळी शिकारीसाठीं निघून जाण्याच्या बेतांत आहे. तसें झालें असतें तर तुकडी घोड्यांवांचून डोंगराच्या अर्ध्या वाटेंत अडकली असती. एकीकडे सख्खा भाऊ व उपाशी आप्त, दुसरीकडे ज्यांच्यासह ती आली ते लोक, असा तो कठीण पेंच होता. तिनें ही बातमी नवऱ्यास सांगितली. त्यानें ती लुइसला उशिरानें सांगितली. लुइसनें कॅमियावेटला दिलेल्या शब्दाची आठवण दिली, व त्या पुढाऱ्यानेंही शब्द पाळला. अखेर सुमारें तीस घोडे मिळाले. सॅकागवियानें त्या रात्रीं काय विचार केला असेल, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. परंतु भावाच्या घरीं राहण्याचें सोडून ती तुकडीबरोबर पुढें निघाली, एवढें खरें.

येथें एक खुलासा करणें आम्हांस अवश्य वाटतें. सॅकागवियानेंच सर्व प्रवासभर वाट दाखविली, असें कित्येक पुस्तकांत रंगवून सांगितलेलें असतें. तें खरें नाहीं. पुढचे बर्फाळ डोंगर एका वृद्ध शोशोनी वाटाड्याच्या मदतीनें पार झाले. त्या मुलुखाची माहिती तिला नव्हती. परंतु तेथेंही तिचा निराळा उपयोग झाला. कोलंबिया नदीच्या कांठीं एका वस्तींतील लोक या सशस्त्र गोऱ्या मंडळीस पाहून घाबरून झोंपड्यांत दडून बसले होते. सॅकागविया दृष्टीस पडतांच ते बाहेर आले. लढाईस निघालेली टोळी आपल्याबरोबर बाई नेत नाहीं, हें सर्वांस ठाऊक होतें. तिची नुसती उपस्थितीच शांततेचें निशाण ठरली, असें क्लार्कनें लिहिलें आहे. बाईमाणूस म्हणून जें उणें मानलें जात होतें, तेंच तुकडीचें मोठें संरक्षण झालें.

नोव्हेंबरांत समुद्र गांठला. तेथें एका स्थानिक माणसाजवळचें समुद्री ऊदमांजराच्या कातड्याचें सुंदर पांघरूण नायकांच्या मनांत भरलें. पण तो निळ्या मण्यांवांचून तें देईना. शेवटीं सॅकागवियाच्या कमरेचा निळ्या मण्यांचा पट्टा देऊन तें घेतलें, व तिला बदली निळ्या कापडाचा एक कोट मिळाला. हिंवाळ्याचा तळ कोठें द्यावा, याविषयीं 24 तारखेस सर्वांचीं मतें घेण्यांत आलीं. क्लार्कचा गुलाम यॉर्क याचेंही मत नोंदलें, आणि सॅकागवियाचेंही. जेथें खाण्याचे कंद विपुल असतील तेथें रहावें, असें तिचें म्हणणें होतें. अमेरिकेच्या राज्यघटनेनें स्त्रियांस मताचा हक्क 1920 सालीं दिला, व तेथील सर्व मूळ रहिवाशांस नागरिकत्व मिळावयास 1924 साल उजाडलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रानांतील मतदानाचें महत्त्व कळतें.

1806 च्या जानेवारींत किनाऱ्यावर एक प्रचंड देवमासा येऊन पडल्याची बातमी आली. क्लार्क कांहीं माणसांसह निघाला. त्यांत तिचें नांव नव्हतें. त्या वेळीं तिनें प्रथमच हट्ट धरला. इतक्या दूर मोठें पाणी पाहण्यासाठीं आलें, तरी अजून समुद्र पाहिला नाहीं, आणि आतां तो मासाही पाहूं न देणें हा अन्याय आहे, असें तिनें स्पष्ट सांगितलें. तिचें म्हणणें मान्य झालें. नेहमीं दुसऱ्यांचीं वाक्यें बोलणाऱ्या या दुभाषिणीचें स्वतःसाठीं बोललेलें हें एक मागणें इतिहासांत टिकून आहे.

परतीच्या वाटेवर मात्र ती खरोखरीच वाटाड्या झाली. जुलैमध्यें तुकडीचे दोन भाग झाले, व क्लार्कच्या भागाबरोबर ती चालली. आतां तिच्या बालपणचा मुलूख आला होता. लहानपणीं आपण येथें कंद खणावयास येत असूं, पलीकडे डोंगरांत खिंड आहे, असें तिनें सांगितलें, व तसेंच झालें. पुढें यलोस्टोन नदी गांठण्यासाठीं दोन खिंडी दिसत होत्या. दक्षिणेकडची घ्यावी, असा तिनें सल्ला दिला. क्लार्कनें तो मानिला व मंडळी थोडक्याच दिवसांत नदीवर पोंचली. हीच हल्लींची बोझमन खिंड होय. पुढें आगगाडीचा रस्ताही याच भागांतून गेला. या प्रदेशांत वाटाड्या म्हणून तिचा मोठा उपयोग झाला, हें क्लार्कनें मोकळेपणानें कबूल केलें आहे.

ऑगस्टच्या 17 तारखेस हिदात्सांच्या गांवीं निरोपाची वेळ आली. शार्बोनोस पांचशें डॉलरांवर पगार मिळाला व मागाहून 320 एकर जमीनही मिळाली. सॅकागवियास कांहीं मिळालें नाहीं. ती निघून गेल्यावर क्लार्कला ही गोष्ट टोंचली असावी. तीनच दिवसांनीं त्यानें शार्बोनोस पत्र लिहून, तिनें सोसलेल्या श्रमांचें योग्य बक्षीस आपणांस देतां आलें नाहीं, अशी कबुली दिली, आणि मुलाच्या शिक्षणाचा भार उचलण्याची तयारी दाखविली. क्लार्क भला मनुष्य होता यांत शंका नाहीं. पण पत्रही नवऱ्याच्याच नांवें गेलें.

पुढें तीं नवराबायको सेंट लुइसला आलीं, व मुलास क्लार्कच्या छत्राखालीं ठेवून 1811 सालीं परत मिसूरीच्या वरच्या अंगास गेलीं. 1812 च्या डिसेंबरच्या 20 तारखेस, हल्लींच्या दक्षिण डकोटांतील मॅन्युएल कोटांत शार्बोनोची शोशोनी पत्नी तापानें मरण पावली, अशी नोंद तेथील कारकुनानें केली. त्या कोटांतील सर्व स्त्रियांत ती चांगली होती, वय सुमारें पंचवीस होतें, मागें एक लहान मुलगी आहे, इतकें त्यानें लिहिलें. पण नांव लिहिलें नाहीं. तिचीं मुलें पुढें क्लार्कनें आपल्या पालकत्वाखालीं घेतलीं, व आपल्या एका वहींत त्यानें सॅकागविया मरण पावल्याची नोंद केली. वायोमिंगमधील शोशोनी लोकांत मात्र ती आपल्यांत येऊन 1884 पर्यंत जगली, अशी परंपरा आहे. बहुतेक इतिहासकार पहिली हकीकत खरी मानितात. पाठीवर बसून महासागर पाहून आलेला तिचा मुलगा क्लार्कच्या कृपेनें शिकला, युरोपांत राहून आला आणि 1866 सालीं वारला.

शंभर वर्षांनीं जगास तिची आठवण झाली. 1905 सालीं पोर्टलंड शहरांत स्त्रियांनीं पैसा जमवून तिचा पुतळा उभारला. 2000 सालीं अमेरिकेच्या सरकारनें एक डॉलरचें नवें नाणें काढिलें, त्यावर पाठीवर मूल घेतलेली सॅकागविया कोरली. 2001 सालीं अध्यक्षांनीं तिला मानाची सार्जंट ही पदवी दिली. जिच्या हातीं जिवंतपणीं एक डॉलर पडला नाहीं, तिचें चित्र डॉलरवर आलें! हा सन्मान योग्यच आहे. पण तो फार उशिरानें झाला.

विद्यार्थिमित्रांनो व भगिनींनो, या चरित्रांत चमत्कार नाहींत. सॅकागवियानें पुरुषाचा वेष घेतला नाहीं, कीं स्त्रीचें कर्तव्य टाकलें नाहीं. मूल पाठीवरच होतें, आणि वाटही तिनें दाखविली. एक केल्यानें दुसरें होत नाहीं, हा समज तिच्या पावलांनीं खोटा पाडला. ज्या मुली आज आमच्या शाळेंत भूगोल शिकतात, डोंगरावरील सहलीस जातात, त्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे : आपल्या घरांतील ज्या बायका मुकाट्यानें वाट दाखवितात, त्यांचें नांव व त्यांचा वांटा, त्या हयात असतांनाच हिशेबांत लिहावा. क्लार्कसारखें मागाहून पत्र लिहिण्याची पाळी आपणांवर येऊं नये.